अंगावरून जाणं, अंगावर काढणं

माझ्या काकीला मी एकदा मोटरसायकलवर बसवून डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो. मालवण तालुक्यातलं आमचं गाव, तिथून शहर अर्ध्या तासावर. काकीची कंबर दुखायची, चक्कर यायची, भात लावणीला वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टर तरुण होता, घाटावरचा, बोलायला चांगला. काकीने हट्ट धरला म्हणून मीही आत गेलो. त्याने विचारलं, "पाळी नियमित येते का? स्राव वगैरे काही होतो का?" काकीने मान हलवली. नाही. त्याने रक्त वाढायच्या गोळ्या लिहून दिल्या. पाच मिनिटांत आम्ही बाहेर.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "अंगावरसून पांढरा जाता ता मगे सांगूकच नाय."

मी म्हटलं, "अगो, त्येनी इचारल्यान मा तुका!"

"खय इचारल्यान?" काकी खरोखरच चकित झाली होती. "स्राव म्हणजे काय ता माका काय म्हायत?"

दोघांनीही मराठीतच बोलणं केलं होतं. दोघांपैकी कोणी खोटं बोललं नव्हतं. तरीही जी गोष्ट सांगायला काकी तेवढा खड्ड्यांचा रस्ता तुडवून आली होती, ती त्या खोलीत उच्चारलीच गेली नाही. त्यातला थोडा दोष माझाही होता. पुतण्या बाजूला बसलेला असताना ती काय बोलणार होती? पण ते मला फार उशिरा कळलं.

मराठीत एक विलक्षण जोडी आहे. बाईला श्वेतप्रदर असेल तर तिच्या 'अंगावरून जातं'. आणि कुठलंही दुखणं उपचार न करता सोसलं तर ते 'अंगावर काढलं' असं म्हणतात. माझ्या काकीच्या पिढीतल्या बायकांच्या बाबतीत या दोन वाक्प्रचारांमध्ये अनेकदा वर्षानुवर्षांचं अंतर असतं, आणि त्या अंतरात सगळा इतिहास बसलेला असतो. तो इतिहास वैद्यकाचा आहे तितकाच शब्दांचाही आहे.

जिभेला हाड नाही, पण

मालवणी माणसाला शब्दांची लाज आहे, असं कोणी म्हटलं तर अख्खं कोकण हसेल. आमच्याकडे 'रांडेच्या' हा शब्द शिवी म्हणून जितका वापरला जातो, त्याहून जास्त लाडाने वापरला जातो. शिमग्यात तर गावच्या गाव बोंब मारतं. होळीभोवती जे बोललं जातं ते एरवी बोललं तर घरात जेवायला मिळणार नाही, पण त्या रात्री म्हातारे-कोतारेही ते ऐकून गालातल्या गालात हसतात. दशावतारात रात्री दोननंतर राजा आणि विदूषक यांचं जे चालतं, तेही बऱ्याचदा दुहेरी अर्थाचंच. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते हजारो प्रयोगांत गाजवलं, आणि मालवणी बोलीच्या या मोकळेपणाला सगळ्या महाराष्ट्राने टाळ्या दिल्या.

म्हणजे शरीराबद्दलचे शब्द आमच्याकडे नाहीत असं मुळीच नाही. पण ते ज्या कप्प्यांत ठेवलेले आहेत, ते कप्पे बघण्यासारखे आहेत.

पहिला कप्पा शिव्यांचा. यात प्रत्येक अवयवाला आणि प्रत्येक क्रियेला नाव आहे, एकेकाला चार-चार. पण ही नावं फक्त रागात, थट्टेत किंवा शिमग्यात उघडायची. डॉक्टरसमोर ती उच्चारली तर आपणच शिवी दिल्यासारखं होतं. दुसरा कप्पा संस्कृताचा. योनी, शिश्न, संभोग, स्राव, श्वेतप्रदर. हे शब्द पुस्तकात आणि भिंतीवरच्या तक्त्यात शोभतात, पण घरात ते कोणी कधी बोललेलं नसतं. तिसरा कप्पा आडपडद्याचा. 'कावळो शिवलो', 'भायर बसली', 'दिस गेले', 'खालची जागा', 'अडचण', 'जवळ येणं'. हे शब्द घरात चालतात, पण ते मुद्दामच धूसर ठेवलेले असतात. 'खाली दुखता' म्हटलं तर पोटापासून गुडघ्यापर्यंत काहीही असू शकतं.

दुखणं सांगायला लागतो तो शब्द या तिन्हींच्या मधला: नेमका, आणि तरीही तोंडातून निघणारा. तो कप्पाच रिकामा. ही अडचण एकट्या मराठीची नाही. समुद्रापलीकडच्या सिंहलीत लैंगिक शिक्षणाला 'लिंगिक अध्यापनय' म्हणतात. तिथेही सरकारी फळ्यावरचा शब्द संस्कृताच्याच दारातून आलेला आहे आणि रस्त्यावरचे शब्द वेगळेच आहेत.

रोगाला नाव कुणाचं द्यायचं

या प्रदेशात लैंगिक आजारांची नावं पाहिली तर पहिल्यांदा लक्षात येतं ते असं, की नाव ठेवणाऱ्याला रोग ओळखण्यापेक्षा दोष कुणाचा ते सांगण्याची घाई होती.

सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाश' हा आयुर्वेदाचा ग्रंथ लिहिला. त्यात 'फिरंग' नावाचा रोग आहे. आज आपण ज्याला सिफिलिस म्हणतो तो हाच, असं मानलं जातं. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला उतरले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतलं, आणि शतक संपायच्या आत एका रोगाला त्यांचं नाव मिळालं होतं. यात आपण काही वेगळं केलं नाही. इटलीत त्याच रोगाला फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रान्समध्ये नेपल्सचा, आणि तुर्कीत आजही त्याचं नाव 'फ्रेंगी' आहे. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या आपल्या पुस्तकात चोपचिनीवर एक प्रकरणच लिहिलं, कारण या रोगावर ते मूळ तेव्हा रामबाण समजलं जाई.

लोकांच्या तोंडी मात्र 'गरमी' आणि 'परमा' हे शब्द रुळले. सिफिलिस म्हणजे गरमी, गनोरिया म्हणजे परमा. 'गरमी'मध्ये परक्याचा दोष गेला, पण शरीराची उष्णता आली. ही उष्णता लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

आणि मग छापखान्याच्या युगात सगळ्यांवर पांघरूण घालणारा शब्द आला: 'गुप्तरोग'. या शब्दाने रोगाचं वर्णन केलं नाही, रोग्याने कसं वागावं ते सांगितलं. लपव. मुंबईच्या लोकलमध्ये आणि एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेल्या कागदांवर अजूनही तोच शब्द असतो. तिथे दवाखान्याचा पत्ता ठळक असतो आणि डॉक्टरची पदवी बारीक. ज्याच्या दुखण्याचं नावच 'गुप्त' आहे, त्याला तोच पत्ता सापडणार.

मुरूडचा गणिताचा प्राध्यापक

हे पांघरूण ओढून काढायचा पहिला मोठा प्रयत्न कोकणातल्याच माणसाने केला. रघुनाथ धोंडो कर्वे, जन्म १८८२, गाव दापोलीजवळचं मुरूड. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. संततिनियमनाचा उघड प्रचार केला म्हणून ती नोकरी त्यांना सोडावी लागली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपलं केंद्र उघडलं होतं. म्हणजे आपण जगाच्या मागे नव्हतो.

जुलै १९२७ मध्ये कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये स्वतःचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, चालवलं. 'गुप्तरोगांपासून बचाव' नावाचं पुस्तकही त्यांनी लिहिलं. पण माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे त्या मासिकातली वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. कल्पना करा: त्या काळात एक मुलगा किंवा एक बाई कागद घेते, आपली शंका जमेल त्या शब्दांत लिहिते आणि टपालात टाकते. समोर चेहरा नसतो. शेजारी पुतण्या बसलेला नसतो. आणि काही दिवसांनी छापील कागदावर सरळ उत्तर येतं. त्या उत्तरात उपदेश नसतो, दटावणी नसते.

याच उत्तरांनी त्यांना कोर्टात नेलं. १९३१ साली 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावर अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये दुसरा खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी लोकांनी विचारलं होतं, कर्व्यांनी सांगितलं होतं. यावेळी त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, आणि माणसं आपल्या अडचणी विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळालं पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला. दोनशे रुपये दंड झाला.

मला यातली एक गोष्ट कायम टोचते. ज्या समाजात शिमग्याची बोंब दरवर्षी विनातक्रार खपत होती, त्याच समाजाला गणिताच्या प्राध्यापकाचं कोरडं उत्तर खपलं नाही. म्हणजे आक्षेप शब्दाला नव्हताच. लैंगिक गोष्टीची थट्टा चालत होती, शिवी चालत होती. प्रश्न विचारलेला आणि त्याला उत्तर दिलेलं चाललं नाही.

तांबी, फुगा आणि ऑपरेशन

स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारने हाती घेतलं. गावोगावच्या भिंतींवर लाल त्रिकोण उमटला. त्या त्रिकोणाची खुबी अशी, की त्याला वाचताच येण्याची गरज नव्हती आणि उच्चारण्याची तर मुळीच नव्हती. पण वस्तूंना नावं द्यावी लागणारच होती.

१९६८ मध्ये सरकारने कंडोम बाजारात आणला. त्यासाठी आधी 'कामराज' हे नाव सुचलं होतं, पण त्या काळच्या बड्या काँग्रेस नेत्याचं नाव के. कामराज असल्याने ते मागे पडलं, असा किस्सा सांगितला जातो. शेवटी नाव ठरलं 'निरोध'. योगसूत्रातल्या चित्तवृत्तींच्या निरोधाची आठवण करून देणारा शुद्ध सोवळा शब्द. किंमत एका नगाला पाच पैसे. चहा, साबण, बॅटरी विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यातून तो किराणा दुकानांत आणि पानटपऱ्यांवर पोहोचला. आता गावातलं किराणा दुकान म्हणजे दुकानदार नात्याने काका नाही तर मामा. त्याच्याकडे जाऊन 'निरोध द्या' कोण म्हणणार? गावात तो 'फुगा' झाला, आणि फुकट वाटलेले कित्येक निरोध पोरांनी खरोखरच फुगवून अंगणात उडवले. ज्यांचं बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलं त्यांना विचारून बघा.

लोकांनी स्वतः घडवलेले शब्द मात्र टिकले. कॉपर-टी आली तेव्हा बायकांनी तिला 'तांबी' म्हटलं. छोटा, घरगुती, तांब्याच्या भांड्यासारखा शब्द. 'तांबी बसवली', 'तांबी काढली', असं सासूसमोरही बोलता येतं. रिकाम्या कप्प्यात बसणारा शब्द असावा तर असा. कुठल्या समितीने तो केला नाही.

दुसरा शब्द तितका निरागस नाही. आमच्याकडे कोणी बाई 'माझा ऑपरेशन झाला हा' म्हणाली, तर कसलं ते विचारावं लागत नाही. अपेंडिक्स असेल तर अपेंडिक्स म्हणतात. नुसतं 'ऑपरेशन' म्हणजे कुटुंबनियोजनाचं, आणि तेही बाईचं. त्याच्या मागे आणीबाणी आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. ते अमलात आलं नाही, पण भीती पोहोचली होती. त्यानंतर 'नसबंदी' हा शब्दच कित्येक पुरुषांना ऐकवेना, आणि सगळा भार हळूहळू बायकांकडे सरकला. 'ऑपरेशन' या साध्या शब्दात तो भार गुंडाळलेला आहे.

कान देणारे

आतापर्यंतच्या गोष्टीत सगळे बोलत होते: वैद्य, प्राध्यापक, न्यायाधीश, सरकार. बाई काय म्हणते हे पद्धतशीर ऐकण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत झाला.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था उभी केली. १९८९ मध्ये त्यांचा एक अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आला. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. त्यांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के. जवळपास निम्म्या बायकांनी तर आपण होऊन काही तक्रारच सांगितली नव्हती. अंगावर काढणं म्हणजे काय, ते त्या दिवशी जगाला आकड्यांत कळलं. तोवर तिसऱ्या जगातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जात होतं.

राणी बंग यांनी पुढे गावातल्या बायकांकडून त्यांच्या शरीराच्या कल्पना, त्यांचे शब्द, त्यांची स्पष्टीकरणं ऐकून घेतली आणि त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'कानोसा'. डॉक्टरच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो, म्हणजे कान देण्याचं यंत्रच. पण पुस्तकाला हे नाव द्यावंसं वाटणं, यात सगळं आलं.

दुसरा प्रयत्न आमच्या अगदी शेजारी, बांद्याच्या पलीकडे उत्तर गोव्यात झाला. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेच्या सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास केला. त्यांचा प्रश्न असा होता: अंगावरून पांढरं जातं अशी तक्रार बायका का करतात? तोवर सरकारी पद्धत ठरलेली होती. अशी तक्रार आली की जंतुसंसर्ग धरायचा आणि औषधाचा कोर्स द्यायचा. पण २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की तक्रार आणि संसर्ग यांचा संबंध फारच ढिला आहे. घट्ट संबंध होता तो मनावरच्या ताणाशी, खचलेपणाशी. बायकांना स्वतःला विचारलं तेव्हा तिघींतल्या एकीहून जास्त जणींनी कारण सांगितलं ताण आणि काळजी. साधारण तितक्याच जणींनी सांगितली अंगातली उष्णता.

हीच ती उष्णता. चारशे वर्षं जुनी.

हे वाचलं तेव्हा मला काकीची पायरी आठवली. 'अंगावरून जातं' हे वाक्य म्हणजे एका लक्षणाची नोंद नाही. कधी तो संसर्ग असतो आणि औषध लागतं. कधी ते अगदी नैसर्गिक असतं आणि काहीच लागत नाही. आणि कधी त्याचा अर्थ असतो: मी थकले आहे, आतून झिजते आहे, आणि हे सांगायला माझ्याकडे याहून मानाची दुसरी वाट नाही. नवरा मुंबईला, शेत आणि सासू-सासरे अंगावर, अशा घरांची आमच्या जिल्ह्यात कमी नाही. 'मी दुःखी आहे' म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. 'अंगावरून जातं' म्हणून जाता येतं.

पिशवी

पण शब्द सोपा असला की काम झालं, असं समजू नका. 'तांबी'सारखाच घरगुती आणखी एक शब्द आहे: 'पिशवी'. गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो. डॉक्टरही म्हणतात. समजायला इतका सोपा शब्द नाही.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची बातमी देशभर गाजली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे सहातल्या एकीचं. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यांतल्या कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. कारणं अनेक होती. पाळीच्या दिवसांत फडावर राबणं, खाडा झाला की कापले जाणारे पैसे, संडास-पाण्याची सोय नसणं, नफा बघणारी खासगी रुग्णालयं. पण या सगळ्या साखळीची पहिली कडी पुष्कळदा तेच एक वाक्य असे: अंगावरून जातं. आणि शेवटची कडी: पिशवी काढून टाका.

पिशवी म्हटलं की ती रिकामी होते. दोन-तीन मुलं झाली, आता तिचं काय काम? खराब झाली तर फेकायची. 'गर्भाशय' हा शब्द जड आहे, पण तो अवयवासारखा तरी वाटतो. पिशवी म्हणजे खुंटीला टांगलेली वस्तू. ती काढल्यावर, विशेषतः सोबत अंडाशयंही काढली तर, ऐन तिशीत पाळी जाण्याचे सगळे परिणाम शरीराला भोगावे लागतात, हाडं ठिसूळ होतात. हे त्या तीन अक्षरी सोयीच्या शब्दात कुठे मावतं? घरातला शब्द बोलायला सोपा असतो. पण तो कुणाच्या तोंडून आणि कशासाठी येतोय, हेही ऐकावं लागतं.

तुमच्या हातातला फोन

तुम्ही हे फोनवर वाचताय, तेव्हा म्हणाल की हे सगळं आजी-काकीच्या काळातलं. आता सगळं बोलता येतं.

खरंच? २००५ च्या सुमारास देशातल्या शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला. त्याच्या नावात 'लैंगिक' हा शब्दही घातलेला नव्हता. तरी २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो बंद केला. २००८ मध्ये एड्सविरोधी मोहिमेत मोबाइलची एक रिंगटोन काढली गेली. तिच्यात कोरसमध्ये एकच शब्द पुन्हा पुन्हा गायलेला होता: कंडोम, कंडोम. सगळी खटपट एवढ्यासाठी की तो शब्द चारचौघांत एकदा तरी कानावर पडावा. पुढे सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुला-मुलींसाठी सल्ला केंद्रं निघाली, त्यांना महाराष्ट्रात नाव मिळालं 'मैत्री'. नाव गोड आहे, मला आवडतं. पण पाटी वाचून आत नेमकं काय विचारता येतं, ते कळत नाही.

आणि आपण? आपण चौथा कप्पा काढला, इंग्रजीचा. 'कावळा शिवला'च्या जागी 'डेट आली', 'पीरियड्स', 'प्रॉब्लेम'. 'अंगावरून जातं'च्या जागी 'व्हाइट डिस्चार्ज'. 'निरोध'च्या जागी 'प्रोटेक्शन'. हे शब्द आपल्याला सोयीचे आहेत, कारण ते आपल्या कानाला नागडे वाटत नाहीत. त्यात वाईट काही नाही. पण ते तरी नेमके आहेत का, हे स्वतःला विचारून बघा. 'प्रॉब्लेम आला' आणि 'अडचण आली' यांत फरक भाषेचा आहे, पडदा तोच आहे.

एक गोष्ट मात्र खरंच बदलली आहे. कर्व्यांच्या वाचकाला कागद आणि टपाल लागायचं, तुम्हाला रात्री दोन वाजता अंथरुणातून प्रश्न विचारता येतो. समोर चेहरा नाही, शेजारी पुतण्या नाही. फक्त उत्तर देणारा कर्वे आहे, की लोकलमधल्या कागदावरचा गुप्तरोगतज्ज्ञ नव्या कपड्यांत आला आहे, एवढं ओळखता आलं पाहिजे. एक कसोटी सांगतो. जो तुम्हाला आधी घाबरवतो आणि मग औषध विकतो, तो कर्वे नव्हे.

काकीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या गोळ्यांनी काही झालं नाही. मग दुसऱ्या एका दवाखान्यात तिला 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळाला, तारीखही मिळाली. त्या आठवड्यात माझी मोठी बहीण घरी आलेली होती. ती तिला तिसरीकडे घेऊन गेली, एका डॉक्टरणीकडे. मी यावेळी बाहेर गाडीपाशी थांबलो. अर्धा-पाऊण तास लागला. डॉक्टरणीने तिला पहिल्यांदा विचारलं होतं, "काय काय होता तुका? तुझ्या बोलीत सांग." तपासणी झाली, साधा संसर्ग होता, दोन आठवड्यांत गेला. पिशवी होती तिथेच आहे. कंबर मात्र अजून दुखते, कारण शेत आहे तेवढंच आहे.

परत येताना गाडीवर काकी बराच वेळ गप्प होती. मग मागून म्हणाली, "बरी होती रे ती. सगळा बोललंय मी तिच्याकडे. घरचा पण बोललंय."